कानाच्या नळीत मस, गाठ किंवा मांस वाढलं असेल तर: तपासणी, बायॉप्सी आणि पुढचे उपचार

कान दुखतो, वाहतो किंवा कमी ऐकू येतं म्हणून माणूस दाखवायला जातो. डॉक्टर दुर्बिणीतून बघतात आणि म्हणतात, ‘कान में कुछ बढ़ा हुआ है.’ कुणी त्याला मस्सा म्हणतं, कुणी पॉलिप, कुणी नुसतं ग्रोथ. घरी पोहोचेपर्यंत सगळ्यांच्या मनात कॅन्सरची धास्ती बसलेली असते. मी इंदुरात कान-नाक-घशाची ओपीडी चालवते. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशा भागांतून मराठी घरातली माणसं येतात, तेव्हा दोन टोकं दिसतात. काही जण रात्रभर झोपत नाहीत, तर काही जण ‘मसच आहे, जाईल आपोआप’ म्हणून वर्षानुवर्षं तेल सोडत राहतात.

कानाच्या नळीतल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. पण समोरची गाठ निरुपद्रवी आहे की नाही, हे नुसतं बघून कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही, अगदी अनुभवी डॉक्टरलाही नाही. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांत दोन गोष्टींवर माझा जोर राहील. कापण्याआधी त्या गाठीच्या मागे काय आहे ते बघून घ्या, आणि कापलेला तुकडा, कितीही लहान असो, पॅथॉलॉजीत पाठवल्याशिवाय टाकू देऊ नका.

गाठ कुठे आहे, यावरून अर्धा अंदाज येतो

कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी मोठ्या माणसात साधारण २.५ सेंटिमीटर लांब असते. ती सरळ नसते, म्हणून तपासताना आम्ही कान वर आणि मागे ओढतो. तान्ह्या बाळाचा कान खाली आणि मागे ओढावा लागतो.

नळीच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागाला कूर्चेचा आधार असतो. तिथली कातडी जाड असते, तिच्यात केस असतात, तेलग्रंथी असतात आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथीही असतात. त्यामुळे अंगावर इतरत्र जे उगवतं ते सगळं इथेही उगवू शकतं: चामखीळ, तीळ, केसतोड, तेलाची गाठ. आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा आहे. तिथे कातडी अवघी ०.२ मिलिमीटर जाडीची आणि खाली थेट हाड. केस नाहीत, ग्रंथी नाहीत. इतक्या आत काही वाढलेलं दिसलं, की प्रश्न बदलतो. ते कातडीचंच आहे, हाडातून आलंय, की पडद्याला भोक पडून मधल्या कानातून बाहेर डोकावतंय?

कूर्चेच्या भागात निसर्गतःच बारीक फटी असतात. त्यांतून संसर्ग किंवा कॅन्सर कानासमोरच्या पॅरोटिड या लाळग्रंथीपर्यंत जाऊ शकतो. तक्रार कानाची असताना डॉक्टर गालाचा मागचा भाग आणि मान का चाचपतात, हे अनेकांना कळत नाही. कारण हे आहे, आणि कुणी चाचपलं नाही तर आपण होऊन विचारायला हरकत नाही.

काय काय असू शकतं

पहिली गोष्ट, वाढल्यासारखं दिसतं ते पुष्कळदा वाढलेलं नसतंच. घट्ट झालेला मळ, काडीवरून निसटून आत राहिलेला कापूस, पावसाळ्यात होणारी बुरशी, सुजून फुगलेली कातडी, या सगळ्या गोष्टी गाठीसारख्या वाटू शकतात. मोबाइलला जोडायचे स्वस्त कान-कॅमेरे आता घरोघरी आले आहेत, आणि त्यातला फोटो घेऊन लोक घाबरून येतात. नळीच्या पुढच्या भिंतीला जबड्याच्या सांध्यामुळे एक नैसर्गिक फुगवटा असतो, तो त्या फोटोत हमखास गाठ दिसतो. कॅमेरा आत ढकलताना पडद्याला इजा होते ते वेगळंच.

खऱ्या गाठींमध्ये पॅपिलोमा, म्हणजे विषाणूमुळे होणारी चामखीळ, नळीच्या बाहेरच्या भागात सापडते. कोबीच्या फुलासारखा खडबडीत पृष्ठभाग असतो. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांशी तिचा संबंध आढळतो. कान कोरायची सवय असेल तर बारीक जखमांतून विषाणू आत शिरायला वाट मिळते. वयस्कर माणसांत सेबोरिक केराटोसिस नावाचा तपकिरी, चिकटवल्यासारखा दिसणारा थर वाढतो. तो निरुपद्रवी आहे, पण कानाच्या अंधाऱ्या नळीत तो आणि सुरुवातीचा कॅन्सर एकमेकांसारखे दिसू शकतात. तिळाची गाठ, निळसर पाण्याची गाठ, मळाच्या ग्रंथींपासून झालेली साधी गाठ ही आणखी काही दुर्मीळ नावं. यांची यादी लांब आहे. सगळी पाठ करायची गरज नाही, कारण नाव शेवटी सूक्ष्मदर्शकाखालीच ठरतं.

हाडाच्या गाठी दोन तऱ्हेच्या. ऑस्टिओमा बहुधा एकाच कानात, एकटी आणि देठावर असते. एक्सोस्टोसिस दोन्ही कानांत, रुंद बुडाच्या, एकाहून जास्त असतात. थंडगार समुद्रात वर्षानुवर्षं पोहणाऱ्यांत त्या आढळतात. नर्मदेवर महेश्वरला किंवा ओंकारेश्वरला पर्वणीला घेतलेल्या डुबकीने हाड वाढत नाही. डुबकीनंतर होते ती बुरशी किंवा नळीचा जंतुसंसर्ग. हाडाची गाठ दाबली तर टणक लागते, वरची कातडी गुळगुळीत असते, आणि ऐकणं अडत नसेल किंवा मागे मळ साचत नसेल तर तिला हात लावायचीही गरज नसते.

केराटोसिस ऑब्चुरान्समध्ये मेलेल्या कातडीचे थर बाहेर न पडता नळीत घट्ट बसतात. ठणका जोराचा असतो, ऐकू कमी येतं, बहुधा दोन्ही कानांत आणि तरुण वयात होतं. नळीतला कोलेस्टिअटोमा, म्हणजे एका जागी साचत जाऊन हाड पोखरणारी कातडी, याच्याशी गल्लत होण्याजोगा, पण तो बहुधा एकाच कानात, वय झालेल्या माणसांत होतो. मंद दुखणं, वाहणं आणि तळाचं हाड पोखरलेलं दिसतं.

आता ज्याबद्दल मला सर्वात जास्त सांगायचंय ते. ओलसर, लालसर, लोंबणारा पॉलिप. हे बहुतेक वेळा कातडीवर उगवलेलं मांस नसतं, तर आत मधल्या कानात काहीतरी सडत असल्याची खूण असते. त्यामागे पुष्कळदा कोलेस्टिअटोमा असतो, आणि तो ऐकण्याच्या हाडांना किंवा चेहऱ्याच्या नसेला चिकटलेला असू शकतो. असा पॉलिप चिमट्यात धरून ओढला तर त्याच्यासोबत हाडांची साखळी निघून येऊ शकते किंवा चेहरा लुळा पडू शकतो. लहान मुलाच्या कानात पॉलिप दिसला तर आणखी सावध व्हायचं. क्वचित तो रॅब्डोमायोसार्कोमा किंवा लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिस यांसारख्या गंभीर आजाराचा पहिला पुरावा असतो.

नळीचा कॅन्सर अतिशय दुर्मीळ, दहा लाखांत वर्षाला एखादा. त्यातला सर्वात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. अडचण अशी, की तो बराच काळ साध्या ‘कान वाहण्या’सारखाच वागतो. मळाच्या ग्रंथींमधून निघणारा अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा तर बाहेर विशेष काही न दिसता केवळ दुखणं म्हणून वर्षानुवर्षं राहू शकतो, कारण तो नसांच्या कडेकडेने सरकतो.

घरी काय बघायचं, काय करायचं नाही

डॉक्टरकडे जाण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहा: कधीपासून, कोणता कान, काय वाहतं आणि त्याला वास आहे का, कोणती औषधं किती दिवस घातली. ‘बरेच दिवस झाले’ यावरून आम्हाला काही कळत नाही. ‘गणपतीपासून’ असं सांगितलं तरी पुष्कळ कळतं.

कान बंद वाटत असेल, दडे बसल्यासारखं असेल, तर तोंड मिटून ‘म्’ असा सूर धरा. बंद कानात तो मोठा ऐकू आला तर बहुधा नळीत किंवा मधल्या कानात अडथळा आहे. कान अचानक, काही तासांत किंवा एका रात्रीत गेला असेल आणि सूर चांगल्या कानात मोठा येत असेल, तर ही गाठीची गोष्ट नव्हे. ती नसेची असू शकते आणि त्याच दिवशी दाखवायला हवं.

कोमट तेल, लसणाचं तेल, हायड्रोजन पेरॉक्साइड, चामखिळीवर लावायचं अ‍ॅसिड, यातलं काहीही कानात घालू नका. हातापायावरची चामखीळ ज्या औषधाने जाते त्याच औषधाने नळीची ०.२ मिलिमीटरची कातडी हाडापर्यंत जळू शकते. रस्त्यावर कान साफ करून देणाऱ्यांकडे जाऊ नका. मधुमेह असलेल्या आजी-आजोबांच्या कानात घरी पिचकारीने नळाचं पाणी मारू नका. त्यातून नळीच्या हाडाला जंतुसंसर्ग होण्याचा धोका खरा आहे.

केमिस्टकडून ड्रॉप्स आणून घालायची सवय इथे फार आहे. पडद्याला भोक असेल तर जेंटामायसिन, निओमायसिनसारखी औषधं आतल्या कानाला इजा करून ऐकणं कायमचं कमी करू शकतात. निओमायसिनची अ‍ॅलर्जी होऊन कान आणखी सुजतो तो वेगळा. स्टेरॉइड मिसळलेले ड्रॉप्स चार दिवस आराम देतात, त्यामुळे खरा आजार झाकला जातो आणि दाखवायला उशीर होतो.

पुढच्यापैकी काही असेल तर आठवडाभर थांबू नका: कानातून रक्त किंवा रक्तमिश्रित पाणी, झोपू न देणारा ठणका, तोंड एका बाजूला वाकडं होणं, जबडा उघडायला त्रास, कानासमोर किंवा मानेत गाठ, चक्कर. तोंड वाकडं झालं असेल तर त्याच दिवशी.

पहिली तपासणी नीट झाली हे कसं ओळखायचं

सोबत रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट, चालू औषधांची चिठ्ठी आणि जुना ऐकण्याचा तक्ता न्या. चिठ्ठीत रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आवर्जून दाखवा. श्रवणयंत्र वापरत असाल तर तेही न्या, कारण त्याच्या साच्याने घासून तयार झालेला मांसाचा कोंब मी पुष्कळदा बघते. वयस्कर माणूस एकटा येतो तेव्हा अडचण होते. डॉक्टर हिंदीत बोलतात, रिपोर्ट इंग्रजीत येतो, आणि आजोबा घरी जाऊन मराठीत सांगतात ते तिसरंच असतं. घरातलं कुणीतरी सोबत असू द्या, आणि गाठ कुठे, कोणत्या भिंतीवर, केवढी, हे कागदावर लिहून मागा.

घाण भरलेल्या कानात टॉर्च मारून निदान होत नाही. आधी सूक्ष्मदर्शकाखाली किंवा दुर्बिणीखाली सक्शनने नळी साफ करायला हवी. सक्शन चालू असताना खोकल्याची ढास लागते किंवा गरगरतं. घाबरू नका. नळीतून व्हेगस नसेची एक फांदी जाते, तिला धक्का लागला की खोकला येतो. हवेने आतला कान थंड झाला की चक्कर येते. दोन्ही काही मिनिटांत थांबतात.

मग गाठीचं बूड शोधायचं. बारीक सळईने तिच्या भोवती फिरवून बघितलं की ती पुढच्या भिंतीला आहे, मागच्या, तळाला की पडद्याकडून येते आहे, ते कळतं. देठ असेल तर हलते, हाडाची असेल तर ढिम्म हलत नाही. पडदा पूर्ण दिसला का, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. दिसला नसेल तर निदान अजून अर्धंच आहे. यानंतर ५१२ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने (आवाज काढणाऱ्या धातूच्या चिमट्याने) आणि ऑडिओमेट्रीने (ऐकण्याचा तक्ता काढणाऱ्या चाचणीने) ऐकणं तपासायचं. चेहऱ्याची हालचाल, पॅरोटिड आणि मान बघायची. ऑपरेशनआधीची ऑडिओमेट्री नसेल तर ऑपरेशननंतर ऐकणं कमी झालं की आधीपासूनच कमी होतं, हे कुणालाच सांगता येत नाही.

सोबत संसर्ग असेल तर लगेच तुकडा घ्यायची घाई नको. कान साफ करून, औषध लावलेली वात ठेवून दोन आठवड्यांनी परत बघायचं. संसर्गामुळे आलेला मांसाचा कोंब या काळात बराच आकसतो. नीट उपचार घेऊनही तीन आठवड्यांत कान सुकला नाही, मांस तसंच राहिलं किंवा वाढलं, तर पुन्हा तेच ड्रॉप्स लिहून घेऊ नका. बायॉप्सीचं, म्हणजे तुकडा काढून तपासण्याचं, बोला.

मधुमेह असलेल्या वयस्कर माणसाच्या नळीच्या तळाशी, कूर्चा आणि हाड जुळतात तिथे, मांसाचा कोंब आणि रात्रीचा असह्य ठणका असं जोडीने दिसलं, तर आधी विचार नेक्रोटायझिंग ओटायटिस एक्स्टर्नाचा करायचा. हा कवटीच्या हाडाचा संसर्ग आहे, बहुधा स्यूडोमोनास या जंतूचा. जुन्या पुस्तकांत त्याला मॅलिग्नंट ओटायटिस म्हटलंय, पण तो कॅन्सर नव्हे. साखर, ईएसआर आणि सीआरपी (रक्तातून दाह मोजणाऱ्या चाचण्या), पुवाचं कल्चर (जंतू वाढवून ओळखणं) आणि स्कॅन लागतो, उपचार साधारण ६ ते ८ आठवडे चालतो. ठणका थांबला म्हणून औषध मध्येच सोडलं की आजार उलटतो. इथेही तुकडा तपासावाच लागतो, कारण कॅन्सरही अगदी असाच दिसू शकतो.

स्कॅन आधी की बायॉप्सी आधी

नळीच्या तोंडाशी, स्पष्ट देठावर, पडदा पूर्ण दिसत असताना असलेली लहान चामखीळ स्कॅनशिवाय काढता येते. बाकी ठिकाणी मी स्कॅन आधी करते. गाठीचं बूड दिसत नसेल, गाठ आतल्या हाडाच्या भागात असेल, पॉलिप असेल, हाड पोखरल्याची शंका असेल, रुग्ण लहान मूल असेल, तर कानाच्या हाडाचा एचआरसीटी, म्हणजे बारीक तपशील दाखवणारा सीटी स्कॅन, हवा. गाठ लालभडक असेल, नाडीसोबत ठोके देत असेल, कानात धडधड ऐकू येत असेल, तर ओपीडीत तिला अजिबात चिमटा लावायचा नाही. ती रक्तवाहिन्यांची ग्लोमस गाठ असू शकते आणि रक्त थांबवणं कठीण जातं. क्वचित मेंदूचं आवरण हाडाच्या भोकातून खाली उतरून नळीत गाठीसारखं दिसतं. एचआरसीटी हाड दाखवतो, एमआरआय मऊ भाग दाखवतो. कॅन्सर सिद्ध झाला किंवा दाट शंका असेल तर दोन्ही लागतात.

बायॉप्सीच्या दिवशी

लहान गाठीला भूल फक्त जागेपुरती देतात. लिग्नोकेन आणि अ‍ॅड्रिनलिनचं बारीक इंजेक्शन नळीच्या कातडीत देतात. खरं सांगायचं तर हेच दुखतं, कारण आत कातडी आणि हाड यांच्यामध्ये औषधाला पसरायला जागा नाही. साधारण अर्धा मिनिट जळजळतं, छातीत जरा धडधडतं, मग बधिर होतं. डोकं हलवायचं नाही, बोलायचं नाही, गिळायला हरकत नाही. गाठ लहान असेल तर बुडाच्या थोड्या निरोगी कातडीसकट पूर्ण काढतात, तीच बायॉप्सी आणि तोच उपचार. मोठी असेल तर फक्त तुकडा घेतात. मुलांना आणि खूप आतल्या गाठींना पूर्ण भूल लागते.

तुकडा कुठून घेतला याला फार महत्त्व आहे. खडबडीत गाठीच्या वरवरच्या थरात नुसती मेलेली कातडी असते. तेवढीच गेली तर रिपोर्टमध्ये ‘हायपरकेराटोसिस’ किंवा ‘इन्फ्लमेशन’ एवढंच येतं आणि सगळे निर्धास्त होतात. बुडापर्यंत खोल तुकडा हवा. रिपोर्ट साधा आला आणि कान मात्र साधा वागत नसेल, वाहतोय, रक्त येतंय, दुखतंय, तर दुसरी, खोल बायॉप्सी करून घ्या. हे सांगायला डॉक्टरांना संकोच वाटू नये आणि ऐकणाऱ्याला राग येऊ नये.

आता बाटली. आपल्याकडे पुष्कळदा ती नातेवाइकाच्या हातात देतात आणि लॅबमध्ये पोहोचवायला सांगतात. तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये पूर्ण बुडालेला असायला हवा, द्रव तुकड्याच्या साधारण दहापट. साध्या सलाइनमध्ये रात्रभर राहिला तर पेशी सडतात आणि वाचता येत नाहीत. क्षयरोगाची शंका असेल किंवा कल्चर करायचं असेल तर त्यासाठीचा वेगळा तुकडा मात्र सलाइनमध्येच, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. बाटलीवर नाव, वय, तारीख आणि डावा की उजवा कान हे तुमच्या डोळ्यांसमोर लिहिलं जाऊ द्या. दोन जागांचे तुकडे असतील तर दोन बाटल्या. फॉर्मवर ‘ईअर ग्रोथ’ एवढंच लिहिलेलं असेल तर किती महिन्यांपासून, दुखतंय का, रक्त येतंय का, मधुमेह आहे का, हेही लिहायला सांगा. पॅथॉलॉजिस्टला हे कळलं तर तो नेमकं शोधतो. बाटली त्याच दिवशी पोहोचवा, गाडीच्या डिकीत ठेवून विसरू नका.

रिपोर्टला बहुधा आठवडाभर लागतो. खास रंगांच्या चाचण्या लागल्या तर आणखी काही दिवस. तो आणायला जाताना तीन गोष्टी बघा: निदानाचं नाव, ‘डिस्प्लेसिया’ (कॅन्सरच्या दिशेने बदलू लागलेल्या पेशी) किंवा ‘कार्सिनोमा इन सिटू’ (अजून खोल न गेलेला, वरच्या थरापुरता कॅन्सर) असा काही शब्द आहे का, आणि मार्जिन, म्हणजे कापलेल्या कडेपर्यंत आजार पोहोचलाय का.

निदानानुसार उपचार

साधी चामखीळ किंवा पॅपिलोमा बुडासकट काढली की काम होतं. काही ठिकाणी लेझरने काढतात. तिथेही आधी तुकडा घेऊन मग जाळायचं, सगळंच जाळून टाकलं तर तपासायला काही उरत नाही. ती पुन्हा येऊ शकते. इनव्हर्टेड पॅपिलोमा असं नाव आलं तर अधिक काळजीपूर्वक, पूर्ण काढायला हवा आणि लक्ष ठेवायला हवं. सेबोरिक केराटोसिस, तीळ, पाण्याची गाठ एकदा तपासून खात्री झाली की पुढे त्रासापुरतंच बघायचं. मळाच्या ग्रंथींची गाठ साधी आली तरी निरोगी कडेसकट पूर्ण काढायची, कारण ती अर्धवट राहिली तर उलटते.

केराटोसिस ऑब्चुरान्सला ऑपरेशन क्वचित लागतं. ठरावीक अंतराने सूक्ष्मदर्शकाखाली साफ करत राहणं हाच उपचार. नळीतला कोलेस्टिअटोमा लहान असेल तर तसंच, हाड खोलवर पोखरलं असेल तर ऑपरेशन. पॉलिपचा उपचार म्हणजे त्याच्या मागच्या आजाराचा उपचार, आणि तो बहुधा मॅस्टॉइडच्या, म्हणजे कानामागच्या हाडाच्या, ऑपरेशनपर्यंत जातो.

नळीची कातडी गोलाकार, सगळीकडून सोलली गेली तर बरी होताना ती आवळते आणि नळी अरुंद होते. मोठी गाठ काढायची असेल तर हा प्रश्न ऑपरेशनआधीच विचारा: कातडी किती जाईल, मांडीची किंवा कानामागची पातळ कातडी लावावी लागेल का, पॅक किती दिवस राहील?

ऑपरेशननंतरचे आठवडे

कानात औषधी पट्टीचा पॅक असतो, तो एक ते दोन आठवडे राहतो. त्या काळात कान बंद वाटणार, थोडं गुलाबी पाणी येणार. पट्टीचं टोक बाहेर आलं तर ओढू नका, कात्रीने कापूही नका, फोन करा. हिरवट पू, वास, ताप, वाढता ठणका किंवा तोंड वाकडं झालं तर लगेच या.

पॅक काढल्यावरही साधारण महिना-दीड महिना कानात पाण्याचा थेंब जाता कामा नये. कापसाच्या बोळ्याला व्हॅसलिन चोपडून तो कानाच्या तोंडाशी बसवायचा, मग अंघोळ. बोळा आत खुपसायचा नाही. केस धुताना कुणाची तरी मदत घ्या. पोहणं बंद, नदीस्नान बंद. श्रवणयंत्र त्या कानात डॉक्टर सांगेपर्यंत घालू नका. खाज येते, फार येते, आणि इथेच लोक हेअरपिन उचलतात. बरी होत असलेली कातडी एका ओरखड्याने पुन्हा चिघळते.

रिपोर्टमध्ये कॅन्सर आला तर

घाई करायची, पण योग्य ठिकाणी पोहोचायची. नळीचा कॅन्सर आधी ‘जमेल तेवढा’ काढून मग मोठ्या ठिकाणी जाणं हा सर्वात वाईट क्रम आहे. पहिल्या ऑपरेशनमध्ये सगळा आजार कडेसकट एकसंध निघाला, तर बरं होण्याची शक्यता सर्वात चांगली असते. आजार नळीपुरता आहे, हाड पोखरलंय, की मधल्या कानात शिरलाय, यावरून १ ते ४ असे टप्पे ठरवतात. चेहऱ्याची नस गेली असेल तर टप्पा थेट चौथा धरतात. सुरुवातीच्या टप्प्यात पडद्यासकट नळीचा पूर्ण भाग हाडासह काढतात. त्याला लॅटरल टेम्पोरल बोन रिसेक्शन म्हणतात. जोडीला बहुधा पॅरोटिडचा भाग काढतात, आणि पुढे गरजेनुसार रेडिएशन. त्या कानाचं ऐकणं बरंचसं जातं, हे आधी समजून घ्या. आतला कान शाबूत असेल तर हाडातून आवाज पोहोचवणाऱ्या यंत्राचा विचार नंतर करता येतो.

हे ऑपरेशन रोजचं नाही. इंदुरात महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजशी जोडलेल्या एमवाय हॉस्पिटलमध्ये कान-नाक-घशाचा विभाग आहे, शहरात खाजगी कॅन्सर विभागही आहेत. जिथे जाल तिथे एकच विचारा: कानाच्या हाडाचं कॅन्सर ऑपरेशन इथे होतं का, आणि कान, डोकं-मान व रेडिएशन यांचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात का? उत्तर गुळमुळीत आलं तर अवंतिका एक्सप्रेस पकडून मुंबईला टाटा मेमोरियलला दाखवणं शहाणपणाचं. जाताना कागदी रिपोर्टवर भागत नाही. पॅथॉलॉजी लॅबकडून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे, आणि सीटी-एमआरआयची सीडी घ्या. मोठ्या केंद्रात स्लाइड पुन्हा वाचतात, आणि कधीकधी नाव बदलतं.

पैशाचं आधी बघा. आयुष्मान योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न घालता कार्ड मिळतं. घरातल्या आजी-आजोबांचं कार्ड काढलेलं नसेल तर ते निदानाच्या आठवड्यातच काढा. हॉस्पिटल योजनेत आहे की नाही हे भरती होण्याआधी काउंटरवर विचारा.

पुढची देखरेख

साधी गाठ असेल तर महिन्याने, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी दाखवा, पॅपिलोमा असेल तर वर्षभर तरी. डिस्प्लेसिया असेल तर अंतर कमी ठेवा. कॅन्सरनंतर पहिली दोन वर्षं सर्वात महत्त्वाची, त्यात दर एक-दोन महिन्यांनी तपासणी आणि ठरल्याप्रमाणे स्कॅन. प्रत्येक वेळी दुर्बिणीतला फोटो मागून फोनमध्ये तारखेसह ठेवा. डॉक्टर बदलले तरी गाठ वाढली की तशीच आहे, हे त्या फोटोंवरून कळतं. आणि दोन तारखांच्या मध्येच कानातून रक्त आलं किंवा बरा झालेला कान पुन्हा ठणकायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात दाखवा.